सव्वादोन लाख किलोमीटर झालेली डिझेल गाडी: ५डब्ल्यू-३०च ठेवू की जाड ऑइल घालू?

खानापूरवाला
नमस्कार मंडळी. गाडी २०१२ची डिझेल हॅचबॅक, १२४८ सीसीचं मल्टीजेट इंजिन, २ लाख २३ हजार किलोमीटर झालेत. मी दुसरा मालक. रोज खानापूर-बेळगाव, अधूनमधून चोर्ला घाटानं गोवा. गेल्या पावसाळ्यापासून ऑइल प्यायला लागलीय. दोन हजार किलोमीटरला लिटरभर टाकावं लागतंय. गाडीखाली डाग नाही, लाल दिवा लागत नाही. आवरेजही उतरलंय, पण ते रस्त्यामुळं असेल.

मॅन्युअलात ५डब्ल्यू-३० आहे. मेकॅनिक म्हणतोय, "इंजिन म्हातारं झालंय, २०डब्ल्यू-५० घाला, पिणं बंद." मेव्हणा म्हणतोय १५डब्ल्यू-४०. सर्व्हिस पुढच्या आठवड्यात. कुठलं घालू सांगा की. अजून चार-पाच वर्षं इंजिन उघडायला लागू नये एवढंच बघायचंय.

संकेश्वर_ऊसवाला
१५डब्ल्यू-४० घाला आणि मोकळे व्हा. आमच्या जीपला ट्रॅक्टरचंच ऑइल असतंय, काय होत नाही. स्वस्त पडतंय, कुठल्याही गावात मिळतंय.

तवंदी_उतार
अण्णा, तुमची जीप आणि मल्टीजेट एक नव्हे. जुन्या जीपला साधे टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग), फीलर गेजनं फट मोजून सेट केले की झालं. मल्टीजेटला हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे टॅपेट आहेत, टायमिंग चेनचा टेन्शनरसुद्धा ऑइलच्याच दाबावर चालतो. सकाळी ऑइल वर चढायला उशीर झाला की चेन खडखडते, आणि ते दुखणं स्वस्तातलं नाही. बाकी उद्यमबागवाले दादा सांगतीलच.

उद्यमबाग_क्रँक
बोलावलंत, आलो. क्रँक ग्राइंडिंगच्या लाइनीत आहे, झिजलेली इंजिनं रोज टेबलावर असतात. जरा लांबेल.

आधी आकडे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड ऑइलचा. २०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. आपल्या बेळगावात तसली थंडी कधी पडायची? म्हणून लोक म्हणतात, इथं ५डब्ल्यू कशाला. पण गाडी चालू होणं वेगळं आणि ऑइल वेळेवर पोचणं वेगळं. ४० अंशांला चांगलं ५डब्ल्यू-३० साधारण ६५-७० सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडपणाचं माप) असतं, २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर जातं. म्हणजे दुपटीहून जाड. डिसेंबरात पहाटे तर काकवीच. तुमच्या गाडीचा एवढासा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या घरात फिरतो, त्याचा शाफ्ट ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो. पहिल्या काही सेकंदांत त्याला ऑइल मिळालं नाही तर झीज तिथंच होते.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशांला ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. बेअरिंग झिजून फट वाढली की गरम आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ऑइलचा दाब कमी होतो. अशा वेळी एक पायरी वर जाणं योग्य, मीही सांगतो. पण मेकॅनिक जाड ऑइल घालून गेज दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश, तिथं जरा थांबा. दाब वाढला म्हणजे बेअरिंगला ऑइल जास्त मिळालं असं नाही. थंडपणी पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, जाड ऑइल तिथूनच परत खालच्या चेंबरमध्ये जातं, आणि ज्या फटीतून ते वाहायचं तिथून कमीच वाहतं.

आता पिण्याचं. दोन हजाराला लिटर म्हणजे हजाराला अर्धा. काही जर्मन कंपन्या एवढं खपणं चालतं असं मॅन्युअलातच लिहितात. तेव्हा घाबरू नका, पण ऑइल जातंय कुठं ते शोधा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर निळा धूर आला आणि गेला, तर व्हॉल्व्ह सील. चढाला लोड घेताना मागं निळं दिसत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो. दहा मिनिटं आयडलला ठेवून एकदम रेस द्या, भपकन निळा आला तर संशय टर्बोवर. इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढून बघा. आत ओलसर असणं चालतं, ओतल्यावर ऑइल पडायला नको. गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी फुसफुस डिझेलला असतेच, पण झाकण नाचायला लागलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. रिंग चिकटली असेल तर ५० ग्रेडनं ती सुटत नाही, धूर चार महिने कमी दिसतो इतकंच.

आणखी एक. टेंपरेचरचा काटा कुठं राहतो? आवरेज उतरलंय म्हणालात म्हणून विचारतोय.

निपाणी_बायपास
दादा, माझाही एक प्रश्न. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ५डब्ल्यू-३०चे डबे, एकाची किंमत जवळजवळ दुप्पट. नुसती जाहिरात का?

उद्यमबाग_क्रँक
डब्याच्या मागं बारीक अक्षरात बघा. तिथं ऑइलचा युरोपियन दर्जा लिहिलेला असतो. ए५/बी५ आणि ए३/बी४ दोन्ही ५डब्ल्यू-३० असू शकतात, पण १५० अंशांला जोरात घासताना पापुद्रा किती टिकतो त्याचा आकडा वेगळा. ए३/बी४ ला तो किमान ३.५ लागतो, ए५/बी५ ला २.९ ते ३.५. जुन्या डिझेलला, घाटात चालणाऱ्या गाडीला ए३/बी४ घ्यावं. खानापूरवाल्यांच्या २०१२च्या गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, त्यामुळं चालतं. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला मात्र हे घालायला जाऊ नका. तिथं मॅन्युअलात सी२ की सी३ (कमी राखेचे दर्जे) लिहिलंय तेच, नाहीतर ऑइलमधल्या राखेनं फिल्टर चोंदतो.

डबा घेताना सील बघा. रिकामे डबे भंगारात जाऊन परत भरून येतात, म्हणून आम्ही गिऱ्हाइकासमोर डब्याला भोक पाडतो.

संकेश्वर_ऊसवाला
मग माझ्या जीपचं काय ओ?

उद्यमबाग_क्रँक
तुमची जीप आहे तशी चालवा. तिला १५डब्ल्यू-४०च पाहिजे. एअर फिल्टर तेवढा बघा. ऊस तोडणीच्या दिवसांत शेतवाटेवरची धूळ आत गेली की रिंगा आणि बोअर खायला वेळ लागत नाही. फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप हात फिरवून बघा, खालच्या बाजूची चीर वरून दिसत नाही.

तवंदी_उतार
खानापूरवाले, फ्लश (औषध घालून इंजिन आतनं धुणं) करायला सांगतील, करू नका. एवढ्या रनिंगवर तळाचा गाळ एकदम सुटून चेंबरमधल्या जाळीला बसला तर ऑइलच वर चढायचं नाही. त्यापेक्षा पुढचे दोन बदल दहा हजाराऐवजी पाच-पाच हजारावर करा, हळूहळू निघतंय. आणि बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑइल काळं दिसलं म्हणून मेकॅनिकशी भांडू नका, डिझेलचं होतंच.

खानापूरवाला
सगळ्यांचे आभार. काल बघितलं. सकाळी धूर नाही. झाकण नाचत नाही. इंटरकूलर पाइप ओलसर, पण ओतण्यासारखं काही नाही. लोडवर थोडा निळसर आहे, जांबोटीच्या पुढं चढाला मागच्या गाडीतल्या मित्राला बघायला लावलं. आणि काटा. अर्ध्यावर कधी येतच नाही, घाटात थोडा वर येतो, उताराला परत खाली. मला वाटायचं इंजिन थंड राहतंय म्हणजे चांगलंच. आज मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून टाकलाय की, मागच्या मालकानंच सांगितलेलं, गाडी तापत होती म्हणून."

उद्यमबाग_क्रँक
सापडलं बघा. इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणं हे थर्मोस्टॅटचं काम. इंजिन ८०-९० अंशांवर चालायला बनवलंय. तुमचं सतत त्याच्या खाली चालतंय. डिझेल नीट जळत नाही, म्हणून आवरेज उतरलं. अर्धवट जळालेलं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये जातं आणि ते पातळ करतं, म्हणजे तुम्ही ३० घातलं तरी आत ३० राहत नाही. काजळी रिंगेच्या खाचेत बसते, रिंग अडकते, ऑइल वर जातं. डिपस्टिकचा वास घेऊन बघा, डिझेलचा येईल. अशा इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं असतंत तर सकाळचं दुखणं वाढलं असतं आणि मूळ कारण तसंच राहिलं असतं.

नवा थर्मोस्टॅट बसवा, कूलंट पूर्ण बदला, नळाचं पाणी नको. आधी गाडी का तापत होती तेही बघून घ्या: रेडिएटर चोंदलाय का, पंखा वेळेवर लागतो का. ऑइल ५डब्ल्यू-४० ए३/बी४ घाला. थंडपणी आहे तसंच, गरमपणी एक पायरी वर. ऑइल फिल्टर चांगलाच, त्यात पैसे वाचवू नका. पाच हजारावर परत बदला आणि मधे किती टाकावं लागलं ते लिहून ठेवा. रिंगा अडकल्या असतील, झिजल्या नसतील, तर खप कमी होत जाईल. नाही झाला तर कॉम्प्रेशन टेस्ट करून मग बोलू.

खानापूरवाला
थर्मोस्टॅट हाउसिंगसकट येतो म्हणाले, सोमवारी मिळेल. मेकॅनिक म्हणतोय बसवतो, पण परत तापली तर माझी जबाबदारी नाही.

उद्यमबाग_क्रँक
मग रेडिएटर आधी काढून धुऊन घ्या, त्याच्याच समोर.