पाचोळा नक्की कोण कुजवते? मुळांवरची बुरशी की आणखी कोणी?

रानवाट (कोल्हापूर):
राधानगरीच्या जंगलातल्या भटकंतीत आणि ऊस शेतकऱ्यांच्या बैठकांत हल्ली एक विधान सर्रास ऐकू येते. झाडांच्या मुळांवरची सहजीवी बुरशी, म्हणजे मायकोरायझा, जंगलातला पाचोळा कुजवते, तेव्हा तिची विकत मिळणारी पुडी शेतात टाकली की उसाचे पाचटही कुजेल, असे ते विधान. मला ते मान्य नाही. मेलेल्या पाल्यावर जगणाऱ्या बुरशीला आपला कर्ब त्या पाल्यातूनच मिळवावा लागतो. मुळांवरच्या बुरशीला तो झाड आयता पुरवते, आणि झाडाने तयार केलेल्या अन्नापैकी ४ ते २० टक्के वाटा तिच्याकडे जातो, असा अंदाज आहे. मग लिग्निनसारखा, लाकडाला ताठपणा देणारा चिवट पदार्थ फोडण्याची तिला गरज काय? लॅकारिया बायकलर या सहजीवी बुरशीचा जनुकसंच २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वनस्पतींच्या पेशीभित्तिका फोडणारी बहुतेक विकरे (एन्झाइम) तिच्यापाशी उरलेली नाहीत, असे दिसले. रूथ गाडगीळ आणि पी. डी. गाडगीळ यांनी तर १९७१ मध्येच न्यूझीलंडच्या पाइन लागवडीत दाखवले होते की मुळे आणि त्यांवरची बुरशी दूर ठेवली, तर पाचोळा उलट अधिक वेगाने कुजतो.

जांभाखडक:
आपण निम्मीच बाजू मांडली आहे. या बुरशीला कर्ब नको असेल, पण नत्र हवे असते, आणि थंड प्रदेशांतल्या जंगलांत ते जुन्या, काळ्या पडलेल्या सेंद्रिय पदार्थांत अडकलेले असते. ते सोडवण्यासाठी कॉर्टिनेरियस गटातल्या सहजीवी बुरशा मँगनीज परॉक्सिडेज हे लिग्निन फोडणारे विकर वापरतात; पॅक्सिलस ही बुरशी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून अतिशय दाहक रेणू तयार करून तेच सेंद्रिय पदार्थ फोडते. पोटासाठी नव्हे, नत्रासाठी का होईना, विघटन घडतेच. गाडगीळ यांचा निष्कर्षही पुढे सगळीकडे तसाच आढळलेला नाही. काही ठिकाणी फरक दिसला नाही, तर काही ठिकाणी उलटा दिसला. शिवाय आपल्या जांभ्याच्या मातीत लोह मुबलक आहे. ही अभिक्रिया इथे का घडू नये?

रानवाट:
कारण ती घडवणारी बुरशी इथल्या झाडांवर सहसा नसते. आपली दोन्ही उदाहरणे पाइन, स्प्रूस, बर्च यांच्या मुळांवर बाहेरून वेष्टन घालणाऱ्या बुरशीची आहेत. राधानगरीतल्या दाजीपूरच्या जंगलातल्या जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा अशा बहुतांश झाडांच्या मुळांत राहते ती पेशींच्या आत शिरणारी, आर्बस्क्युलर प्रकारची. तिच्या एका प्रातिनिधिक जातीचा जनुकसंच २०१३ मध्ये वाचला गेला आणि त्यात पेशीभित्तिका फोडणाऱ्या विकरांचा जवळपास अभावच आढळला. जांभ्यातले लोह तर ऑक्साइडच्या रूपात घट्ट बसलेले असते आणि ते स्फुरदालाही धरून ठेवते. त्या स्फुरदापर्यंत बारीक तंतू पोचवणे हे या बुरशीचे खरे काम आहे. युरोपातल्या जंगलाचा निष्कर्ष उचलून राधानगरीला चिकटवणे मला पटत नाही.

जांभाखडक:
तरीही २००१ च्या एका प्रयोगात आर्बस्क्युलर बुरशी असताना गवताच्या पाल्याचे विघटन वाढल्याचे आणि तिने त्यातले नत्र उचलल्याचे नोंदले गेले आहे. पाला फोडणारी विकरे तिची नसतील, जवळच्या जिवाणूंची असतील. पण तिच्या असण्याने काम वाढते, ही बाब आपण वगळता.

वारूळवाचक:
दोघेही मुळांपाशीच थांबला आहात, याचे मला आश्चर्य वाटते. आपल्या रानात पाचोळा प्रत्यक्ष कुजवणारी सहजीवी बुरशी आहे. फक्त तिची जोडी झाडाशी नसून वाळवीशी आहे. ओडोंटोटर्मिस वाळवीचे कामकरी किडे पाला आणि लाकूड बुरशीच्या बीजाणूंसह गिळतात आणि वारुळाच्या पोटात त्याचे स्पंजासारखे थर रचतात. त्या थरांवर टर्मिटोमायसिस बुरशी वाढते, लिग्निन आणि सेल्युलोज फोडते, आणि मुरलेला थर वाळवी पुन्हा खाते. ही शेती सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली, असे मानले जाते. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी जी अळंबी लोक आवडीने शोधून आणतात, ती याच बुरशीची फळे. म्हणजे ‘सहजीवी बुरशी कुजवत नाही’ हे सरसकट विधानही तितकेच चुकीचे ठरते. (आणि वारूळ फोडून अळंबी उपटणाऱ्यांनी निदान थर तरी शाबूत ठेवावेत.)

रानवाट:
माझा आक्षेप मुळांवरच्या बुरशीपुरता होता आणि तो तसाच आहे. वाळवीच्या बुरशीचा मुद्दा जंगलासाठी निर्विवाद मान्य. शेतात मात्र त्याचा उपयोग नाही, कारण हीच वाळवी उसाचे बेणे खाते आणि ती बुरशी पुडीतून टाकता येत नाही. पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फारच कमी असते, म्हणून ते कुजवायला हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक अशी शिफारस केली जाते. मायकोरायझाची पुडी स्फुरदासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. पाचट कुजेल म्हणून घेऊ नये.

जांभाखडक:
शेतापुरते हे मान्य. जंगलापुरते नाही. दाजीपूरच्या मातीत मुळे अडवलेले आणि न अडवलेले तुकडे शेजारी शेजारी ठेवून पाचोळ्याचे वजन तपासल्याशिवाय ‘इथे काहीच होत नाही’ हे मी स्वीकारणार नाही.