भावाचा एचआयव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) न्यावं का?

प्रश्न (वाडीची ताई):
लहान भाऊ ट्रक चालवतो. खाजगी लॅबमध्ये एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला. भावजय 5 महिन्यांची गरोदर, तिला अजून सांगितलं नाही. आईनं त्याचं ताट-पेला वेगळा काढला. शेजाऱ्यांनी पुड्या देणारा एक बाबा सुचवलाय. मालकाला कळलं तर गाडीवरून काढेल का?

निवृत्त समुपदेशक:
बाबाचे पैसे वाचवा. उद्याच दोघांना मेडिकलमध्ये न्या, आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाचं केंद्र, कुठं ते विचारा. एका लॅबच्या कागदावर ते विसंबत नाहीत, तीन वेगवेगळ्या किटनी तपासतात. तपासणी, गोळ्या सगळं फुकट.

2004 मध्ये सरकारी गोळ्या आल्या, पण सीडी4 (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) 200 च्या खाली उतरेपर्यंत थांबा म्हणायचो. चालत आलेला माणूस पुढच्या खेपेला स्ट्रेचरवर यायचा. 2017 पासून निदान झालं की औषध सुरू, आता बहुतेकांना रोज एकच गोळी. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि गोळ्या चालू राहिल्या, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

घाई भावजयीची आहे. भावाला एकट्यानं सांगवत नसेल तर समुपदेशकासमोर सांगू द्या. तीही पॉझिटिव्ह निघाली तर तिच्या गोळ्या लगेच, बाळंतपण दवाखान्यात, बाळाला जन्मताच सिरप. एवढं नीट झालं तर बहुतेक बाळं निगेटिव्ह राहतात. ती निगेटिव्ह आली तरी पुन्हा तपासणी, आणि निरोध.

आईला सांगा, ताटा-पेल्यातून काही होत नाही. मालकाला कळवायचं बंधन नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्सचा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. निव्वळ एचआयव्हीपायी नोकरीवरून काढता येत नाही. अडलं तर 1097 ही एड्स हेल्पलाइन लावा.

रायपूर लाइनचा ड्रायव्हर:
ताई, मी बी गोळीवरच हावो. भावाले सांगा, गोळ्यांच्या नोंदीची हिरवी पुस्तिका गाडीतच ठेव. लांबच्या खेपेत गोळ्या संपल्या तर ते दाखवून दुसऱ्या गावच्या एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या गोळ्या भेटतात तिथं) विचारता येते. अन् ढाब्यावरचं तिखट खाऊन अ‍ॅसिडिटीचं औषध त्या गोळीसंगं नाही घ्यायचं. गोळी त्याच्या 2 तास आधी, नाहीतर 6 तासांनी. मले हे सेंटरवरच्या सिस्टरनं दटावून सांगितलं. क्लीनरनं विचारलं तर मी बीपीची गोळी म्हणतो.

वाडीची ताई:
सिरप बाळाला किती दिवस द्यावं लागतं?

निवृत्त समुपदेशक:
साधारण 6 आठवडे. आईचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, जास्त असेल तर डॉक्टर वाढवतात.