गेम कन्सोलला वेगळा यूपीएस हवा, की घरचा इन्व्हर्टर पुरतो?

म्हसरूळकर

वळवाचा पाऊस सुरू झाला की नाशिकमध्ये लाईटचा लपंडाव ठरलेला. वारा सुटतो, फांदी तारेला टेकते, फीडर ट्रिप होतो. दहा सेकंदांत लाईट येते, पुन्हा जाते. पंख्याला त्याचं काही नाही. पण गेम सेव्ह होत असताना किंवा सिस्टिम अपडेट चालू असताना असं झालं तर नुकसान होतं. माझं मत स्पष्ट आहे: कन्सोलला स्वतःचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस (व्होल्टेज थोडंफार स्वतः सावरणारा, लाईट जाताच बॅटरीवर येणारा) हवाच, घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका.

हिशेब असा. पीएस५ जड गेममध्ये साधारण २०० ते २२० वॉट घेतो, ४३ इंची एलईडी टीव्ही ७०-८०. म्हणजे ३०० वॉट धरा. सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, क्षमतेचं माप) यूपीएस ३६० वॉटचा असतो, त्यामुळे कागदावर तो बसतो. पण आत १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर, साठ्याचं माप) एकच बॅटरी असते. ३०० वॉट द्यायला तिच्यातून ३० अँपिअर ओढले जातात. एवढ्या ओढीला ती नवी असताना चार-पाच मिनिटं टिकते, दोन वर्षांनी लोड पडताच बसते. म्हणून दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टवर चालणारा १००० व्हीए/६०० वॉटचा घ्या. प्रत्येक बॅटरीवरची ओढ निम्मी होते आणि वेळ दुपटीहून जास्त, बारा मिनिटांच्या आसपास मिळतो. एक्सबॉक्स सिरीज एस असेल तर तो ७०-८० वॉटच घेतो, त्याला ६०० व्हीए पुरे.

पवननगर_सिडको

असहमत. सिडकोत, इंदिरानगरला निम्म्या घरांत १५० एएचची ट्यूब्युलर (पाणी घालावी लागणारी मोठी) बॅटरी आणि साइन वेव्ह (बाहेरच्या लाईटसारखी गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर आधीच आहे. तीच बॅटरी हे ३०० वॉट तीन तास सहज ओढते. मग सात एएचच्या डबीसाठी पुन्हा पैसे का घालायचे? यूपीएसमधली सीलबंद बॅटरी आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात, त्यातही टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवली, तर दोन-अडीच वर्षांत संपते. ट्यूब्युलरला वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घातलं तर ती पाच वर्षं तरी काढते.

लोक एकच चूक करतात. इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'नॉर्मल' किंवा 'इको' मोडवरच राहतं. त्या मोडमध्ये साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंत बाहेरची लाईट जशीच्या तशी घरात जाते, आणि बॅटरीवर पलटी मारायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात कन्सोल बंद पडतो आणि दोष इन्व्हर्टरला येतो. बटण 'यूपीएस' मोडवर करा. मग १८० ते २६० बाहेर व्होल्टेज गेलं की तो लाईनपासून तुटतो आणि दहा मिलिसेकंदांच्या आत-बाहेर बॅटरीवर येतो. मात्र इन्व्हर्टरच्या लाईनवर फ्रिज नको. त्याचा काँप्रेसर सुरू होताना व्होल्टेजला जो गचका बसतो तो कन्सोललाही बसतो.

आणि म्हसरूळकर, तुम्ही सांगता त्या प्रकारचे बरेच लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्ह देतच नाहीत. पायऱ्यांची लहर देतात. ते तुम्ही लिहिलं नाही.

म्हसरूळकर

ते लिहायला हवं होतं, मान्य. कन्सोलच्या पॉवर सप्लायमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी असतो. येणाऱ्या व्होल्टेजच्या आकाराबरहुकूम करंट ओढायचा, हे त्याचं काम. पायऱ्यांच्या लहरीत मधेच सपाट शून्य येतं आणि मग एकदम उडी. काही सप्लाय ते पचवतात, काही गुणगुणतात, काही थेट बंद होतात. म्हणून खोक्यावर 'प्युअर साइन वेव्ह' छापलंय का ते पाहूनच घ्या. 'सिम्युलेटेड' लिहिलं असेल तर ती पायऱ्यांचीच लहर.

पण 'यूपीएस मोडवर टाका, झालं' हे मला पटत नाही. तुम्ही टेस्ट कशी करता? होम स्क्रीन चालू ठेवून मेन बंद करता, कन्सोल टिकतो, म्हणून पास. होम स्क्रीनवर पीएस५ फार तर ५०-६० वॉट घेतो. सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जी ऊर्जा साठलेली असते तिच्यावर तो ती फट ओलांडतो. २०० वॉटवर २० मिलिसेकंद म्हणजे ४ ज्यूल, ५० वॉटवर तेवढ्याच वेळाला १ ज्यूल. मेन्यूत पास झालेला इन्व्हर्टर ऐन गेममध्ये म्हणून नापास होतो. टेस्ट करायची तर जड गेम चालू ठेवून करा, सेव्ह केल्यावर, आणि लागोपाठ पाच वेळा. मेन नेमकी लहरीच्या कोणत्या बिंदूवर तुटेल ते दर वेळी वेगळं असतं, त्यामुळे एका टेस्टवर भरवसा नाही.

एसएमपीएसवाली

तुम्ही दोघं लाईट *जाण्यावर* भांडताय. दुरुस्तीच्या टेबलावर येणारा कन्सोल बहुतेक वेळा लाईट *येताना* किंवा चालू असताना व्होल्टेज चढून गेलेला असतो. एसएसडी असलेला कन्सोल नुसता बंद पडला म्हणून जळत नाही. न्यूट्रल तुटला की जळतो.

खांबावरून येणाऱ्या चार तारांपैकी न्यूट्रल तुटला किंवा डीपीत सैल झाला, की तीन फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये जोडली जातात. शेजारच्या फेजवर गिझर चालू आणि तुमच्याकडे फक्त टीव्ही, असं असेल तर तुमच्या वाट्याला ३०० ते ४०० व्होल्ट येतात. आता सप्लायच्या आत बघा. २३० व्होल्टची शिखरं ३२५ व्होल्टची. पीएफसी ती उचलून कपॅसिटरवर ३८०-४०० व्होल्ट ठेवतो. बाहेर ३०० व्होल्ट झाले की शिखर ४२४, म्हणजे पीएफसीच्या हातात काही उरत नाही, येईल ते सरळ कपॅसिटरवर. तो साधारण ४५० व्होल्टचा. ३५० व्होल्ट आले की तो फुगतो, वरची खाच फाटते आणि जाताना स्विचिंग मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) घेऊन जातो.

स्पाइक गार्डचा, म्हणजे झटका अडवणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डाचा, इथे उपयोग नाही. त्यातला एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा छोटा भाग) मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी असतो. मिनिटभर चढलेलं व्होल्टेज त्याला तापवून फोडतं. बोर्डाच्या प्लॅस्टिकवर काळा-तपकिरी डाग आणि जळका वास आला, तर तो मेला असं समजा. दिवा मात्र लागलेलाच राहतो, म्हणून लोकांना वाटतं संरक्षण आहे.

हवं ते हे: मेन स्विचनंतर डीआयएन रेलवर (डब्यातल्या धातूच्या पट्टीवर) बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. वरची मर्यादा २६५-२७०, खालची १७०, परत जोडायला निदान ६० सेकंदांचा उशीर. लाईट आल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात ती तीनदा जाते-येते, तो काळ त्यात निघून जातो. तो ब्रेकर नाही, त्याच्या आधी एमसीबी हवाच. काम लायसनधारक वायरमनकडूनच करून घ्या.

पवननगर_सिडको

ताई, इन्व्हर्टर यूपीएस मोडमध्ये २६० वर तोडतोच की. मग वेगळा प्रोटेक्टर कशाला?

एसएमपीएसवाली

तोडतो तो आतला रिले, पुढे जाणारी लाईन. इन्व्हर्टरचा स्वतःचा चार्जर आणि कंट्रोल कार्ड बाहेरच्या लाईनवरच राहतं. ४०० व्होल्टला आधी तेच जातं, आणि रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर पुढचंही. प्रोटेक्टर इन्व्हर्टर आणि कन्सोल दोघांच्याही आधी बसतो, फ्रिज-वॉशिंग मशीनही वाचवतो.

कंट्रोलर_ए

माझं मत दोन्ही बाजूंच्या विरुद्ध: प्रोटेक्टर बसवा आणि बॅकअपवर एक रुपयाही घालू नका. एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसवर क्विक रिझ्यूम गेमची अवस्था एसएसडीवर लिहितो, त्यानंतर प्लग काढला तरी ती टिकते. आजकालचे बहुतेक गेम दर काही मिनिटांनी ऑटोसेव्ह करतात. पीएस५ अचानक बंद पडला तर पुढच्या वेळी स्वतः तपासणी करतो. वर्षातून चारदा दहा मिनिटांची प्रगती गेली, तर त्यासाठी घरात शिशाची बॅटरी ठेवायची?

स्टॅबिलायझरही नको. या सप्लायवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कमी व्होल्टेज तो आपणहून सांभाळतो.

म्हसरूळकर

स्टॅबिलायझरचं बरोबर. बाकीचं अर्धंच खरं आहे. क्विक रिझ्यूमची अवस्था तुम्ही गेम सोडून दुसरीकडे गेल्यावर किंवा कन्सोल झोपवल्यावर लिहिली जाते, लाईट गेली त्या क्षणी नाही. पीएस५चा रेस्ट मोड तर गेम रॅममध्येच धरून ठेवतो. लाईट गेली की गेम गेला, आणि ते चुकीचं शटडाउन धरलं जातं. रात्रभर रेस्ट मोडमध्ये ठेवायचा असेल आणि बॅकअप नसेल, तर पूर्ण बंद करूनच झोपा.

पीएस४ विसरू नका, नाशिकमध्ये तो अजून घरोघरी आहे. त्यात फिरती हार्ड डिस्क. लाईट गेली की तबकडीच्या उरलेल्या गतीवर हेड घाईघाईने जागेवर नेलं जातं. नेहमीच्या पार्किंगपेक्षा हा प्रकार कितीतरी कमी वेळा सोसायची डिस्कची तयारी असते. यूएसबीवर लावलेली हार्ड डिस्क असेल तर तेच.

अपडेट अर्धवट राहिलं तर उपाय आहे, पण वेळखाऊ. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. त्यात इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पीएस५' नावाचा फोल्डर, त्याच्या आत 'अपडेट' नावाचा, आणि त्यात सोनीच्या साइटवरून उतरवलेली फाइल, नाव न बदलता. कन्सोल बंद असताना पॉवर बटण दाबून धरा. पहिली बीप लगेच येते, दुसरी सुमारे सात सेकंदांनी. तेव्हा सोडा, सेफ मोड (दुरुस्तीचा मेन्यू) उघडतो. कंट्रोलर केबलनेच जोडा, सेफ मोडमध्ये वायरलेस चालत नाही. आधी तिसरा पर्याय, अपडेट. नुसता संथपणा किंवा गायब आयकॉन असतील तर पाचवा, डेटाबेस रीबिल्ड. सातव्याला हात लावण्याआधी थांबा, त्यात सगळा डेटा पुसला जातो.

अंबड_पॅनेल

एक मुद्दा सगळ्यांकडून सुटतोय. विजा कडाडतात तेव्हा झटका फक्त प्लगमधून येत नाही. गच्चीवरच्या डिश अँटेनाची कोअॅक्स (गोल तांब्याची केबल) सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत, टीव्हीतून एचडीएमआयने कन्सोलमध्ये. बाहेरून तांब्याची लॅन केबल येत असेल तर तो दुसरा रस्ता. मग पॉवर सप्लाय धडधाकट आणि चित्र नाही, कारण एचडीएमआयची चिप गेलेली. पीएस५ आणि सिरीज एक्स दोघांची पॉवर केबल दोन पिनांची आहे, अर्थिंग त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. बाहेरच्या झटक्याला टीव्ही आणि केबलमधूनही वाट मिळते. यूपीएस असो, इन्व्हर्टर असो, गडगडाट सुरू झाला की कोअॅक्स आणि लॅन काढा. इंटरनेट फायबरचं असेल तर काचेच्या तारेतून झटका येत नाही.

मल्टिमीटर असेल तर पाच मिनिटांची तपासणी: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिल्या दोन जवळपास सारख्या हव्यात, तिसरी दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरी १०-१५ दाखवत असेल, किंवा शेजारी गिझर लावताच तुमचे दिवे प्रखर होत असतील, तर न्यूट्रल सैल आहे. गेम नंतर. मेन पाडा आणि महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा.

कंट्रोलर_ए

हे पटलं. मग ऑनलाइन खेळणाऱ्यांनी राउटरचं काय करायचं?

पवननगर_सिडको

राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर १२ व्होल्ट २ अँपिअरचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. आधी अडॅप्टरवरचा आकडा वाचा, काही डबे ९ व्होल्टचे असतात आणि त्यात १२ घातले तर जळतात. दोन्ही डब्यांचा करंट मिळून २ अँपिअरच्या आत हवा. फायबर थेट घरात असेल तर बहुतेकदा कनेक्शन टिकतं. केबलवाल्याचा स्विच बिल्डिंगच्या जिन्यात असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर तुमचा राउटर चालू राहूनही नेट जाईल. ते त्यालाच विचारा.

आणि म्हसरूळकर, जड गेम लावून पाच वेळा मेन पाडायची टेस्ट मला मान्य. पाचपैकी एकदा जरी कन्सोल बंद पडला, तर तुमचा साइन वेव्ह यूपीएस इन्व्हर्टरच्या पुढे लावायचा, प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटमध्ये.

म्हसरूळकर

चालेल, फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हला यूपीएस लाईट मानत नाही, बॅटरीवरच बसून राहतो आणि दहा मिनिटांत शिट्टी मारतो.