कच्च्या सोयाबीनसोबत इन्सुलिन गिळलं तर वाचेल का?

सोयाबीनवाला, दारव्हा
आतड्यातले एन्झाइम इन्सुलिन तोडतात म्हणून ते टोचून घ्यावं लागतं, हे समजलं. पण कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला (आतड्यात प्रथिनं तोडणाऱ्या एका एन्झाइमला) अडवणारा घटक असतो, म्हणूनच कोंबड्यांना ते भाजून देतात. मग त्या पिठासोबत, किंवा जठरात न विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून दिलेलं इन्सुलिन वाचत नाही काहून?

प्रथिन_मास्तर
तर्क बरोबर आहे भाऊ, प्रयोग मात्र घरी नको. इन्सुलिनमध्ये 51 अमिनो आम्लं, दोन साखळ्या. ट्रिप्सिन त्यातल्या ‘बी’ नावाच्या साखळीत 22 आणि 29 क्रमांकाच्या आम्लानंतर, दोनच जागी कापतं. खरा दांडगा कायमोट्रिप्सिन, हा दुसरा एन्झाइम; तो टायरोसिन, फेनिलअलॅनिन ही अमिनो आम्लं दिसतील तिथं तोडतो. सोयाबीनमधला कुनिट्झ घटक मुख्यतः ट्रिप्सिनलाच धरतो. कॅप्सूल जठरातलं एन्झाइम पेप्सिन चुकवते खरी, पण माल नेऊन ओतते थेट स्वादुपिंडाच्या रसात. आगीतून फुफाट्यात.

शिवाय रोज अडवणूक केली तर जेवणातली डाळही नीट पचत नाही, आणि ट्रिप्सिन कमी पडलं की स्वादुपिंड आणखी रस सोडतं. कच्चं सोयाबीन खाणाऱ्या कोंबड्यांचं स्वादुपिंड मोठं होतं ते यामुळेच.

गोळी_बाटली, पुसद
एन्झाइममधून सुटलं तरी पुढे आतड्याची भिंत आहे. इन्सुलिनचा सुमारे 5,800 डाल्टन वजनाचा मोठा रेणू पेशींच्या फटीतून सहज जात नाही. नुसतं गिळलं तर 1 टक्काही रक्तात पोचत नाही. 40 च्या शिशीतले (दर मिलीत 40 युनिट) 20 युनिट म्हणजे अर्धा मिली. 1 टक्का धरला तरी हाती 0.2 युनिट. नोवो नॉर्डिस्कच्या इन्सुलिन 338 या गोळीनं चाचणीत साखर उतरवली होती, पण डोस इतका मोठा लागला की काम थांबवलं.

सोयाबीनवाला, दारव्हा
मग सेमाग्लुटाइडची, त्या मधुमेहाच्या औषधाची गोळी कशी चालते जी? तेही इन्सुलिनसारखं अमिनो आम्लांचंच ना?

प्रथिन_मास्तर
ती जठरातच शोषली जाते. गोळीत 300 मिग्रॅ स्नॅक (SNAC, शोषणाला मदत करणारा घटक) असतं, ते भोवतीचं आम्ल मारतं आणि पेप्सिन थंड पडतं. म्हणून उपाशीपोटी, जास्तीत जास्त 120 मिली पाण्यासोबत, नंतर 30 मिनिटं काही नाही. तरी शोषण 1 टक्क्याच्या आसपासच. औषध अंगात आठवडाभर रेंगाळतं, म्हणून रोजचा कमीजास्तपणा झाकला जातो. इन्सुलिनचं तसं नाही: आज अर्धा टक्का आणि उद्या 2 टक्के शोषलं तर डोस चौपट, साखर घसरून माणूस घामाघूम होऊन पडेल.

गोळी_बाटली, पुसद
टोचण्याचा त्रास असेल तर आधी जागा बदलत राहा. एकाच जागी टोचून गाठ झाली की तिथून शोषणही बिघडतं. आणि 40 च्या शिशीला लाल टोपीचीच सिरिंज. केशरी टोपीची 100 साठी असते.