कूलरचा रोध दोन वेगवेगळे आकडे दाखवतो, मीटर खराब आहे का?

मानेवाडा_रिंगरोड:
इन्व्हर्टर घ्यायचा आहे, म्हणून कूलर किती लोड खातो ते मोजायला बसलो. पंपाचं बटण बंद, फक्त पंखा, फुल स्पीडवर. सॉकेटला 210 व्होल्ट (मे महिन्यात संध्याकाळी सगळी गल्ली कूलर लावते, इतकंच येतं). क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती जबडा लावून करंट मोजतो तो) 0.9 अँपिअर. 210 भागिले 0.9 म्हणजे 233 ओहम. 210 गुणिले 0.9 म्हणजे 189 वॅट. इथवर ठीक.

मग प्लग काढून पिनांना मल्टिमीटर लावला, तर 52 ओहम! 52 धरले तर 4 अँपिअर करंट आणि 848 वॅट पॉवर निघते. कूलरच्या पाटीवर तर 180 वॅट आहे. पोरगी दहावीत, ती विचारून राहिली की पप्पा, एकाच वस्तूचे रोध दोन कसे? गंमत म्हणजे पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड त्याच मीटरने मोजला तर 35 ओहम, आणि 230 चा वर्ग भागिले 1500 केलं तरी 35 च. रॉडला बरोबर आणि कूलरला चूक, असं काऊन?

संत्राबर्फी:
मीटरचा सेल उतरला असेल. नाहीतर मोटर जळायच्या बेतात आहे, नवीन घेऊन टाका.

वाइंडिंगवाले_काका:
काही नवीन घेऊ नका. नागपूरच्या महाल भागात मोटरी भरण्यातच (जळालेल्या कॉइलची तार नव्याने गुंडाळण्यात) माझं आयुष्य चाललंय, उन्हाळ्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. 52 ओहम म्हणजे मोटर चांगली आहे. जळालेली असती तर एक तर मीटरने काहीच दाखवलं नसतं, नाहीतर फारच कमी दाखवलं असतं.

मल्टिमीटर आपल्या सेलचा डीसी करंट सोडतो. त्याला फक्त तांब्याची तार दिसते, तिचा रोध 52. मोटरीला जोडलेला कंडेन्सर (कपॅसिटर) डीसी अडवतो, म्हणून स्टार्टिंगची कॉइल त्यात येतच नाही. सॉकेटमधला एसी सेकंदाला 50 आवर्तनं करतो, आणि करंट बदलला की कॉइलचं चुंबकत्व त्याला उलटा विरोध करतं. शिवाय रोटर, म्हणजे मोटरीचा आतला फिरणारा भाग, फिरत असला की तोही करंट दाबून धरतो. हे सगळं मिळून तुमचे 233. त्याला इंपिडन्स म्हणतात, निव्वळ रोध नाही. पंखा अडकला, बेअरिंग जाम झालं, की रोटरचा विरोध संपतो, करंट चढतो, मोटर नुसती गुणगुणते आणि वास येतो. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या मोटरी अशाच जळलेल्या.

रॉडमध्ये नायक्रोमची तार. तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही, चुंबकत्वाचं लफडं नगण्य. म्हणून तिथे पुस्तकातलं सूत्र चोख लागतं. पोरीला जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब मोजायला लावा, घरात कुठे पडला असेल तर. थंड असताना 40 ओहमच्या आसपास दाखवेल. पेटल्यावर हिशेबाने 529. तिथे फक्त तापमानाचा खेळ आहे.

आणि ते 189 वॅट नाहीत, व्हीए आहेत, म्हणजे नुसतं व्होल्ट गुणिले अँपिअर. मोटरीत व्होल्टेज आणि करंट एका तालात नसतात, खरे वॅट त्याहून कमी.

मानेवाडा_रिंगरोड:
काका, मग खरे वॅट घरच्या घरी कसे काढू? आणि क्लॅम्प मीटर 400 अँपिअरचा आहे, 0.9 वर भरवसा ठेवू का?

वाइंडिंगवाले_काका:
क्लॅम्प एकाच तारेवर लावला होता ना? दोन्ही तारा जबड्यात घेतल्या तर शून्यच येतं. तुमचा आकडा आला, म्हणजे बरोबर लावला. भरवसा वाढवायचा असेल तर फेजच्या तारेचे 5 वेढे जबड्यातून घ्या आणि आलेल्या आकड्याला 5 ने भागा. वेढे घालताना प्लग काढलेला हवा, हे सांगायची गरज पडू नये.

वॅटसाठी घरचा विजेचा मीटरच वापरा. त्यावर लाल दिवा लुकलुकतो, बाजूला 3200 असा आकडा असेल, म्हणजे एका युनिटला 3200 वेळा. फ्रिज, राऊटर, सगळं बंद करून फक्त कूलर चालू ठेवा. 5 मिनिटं मोजा.

मानेवाडा_रिंगरोड:
3200 च लिहिलंय. 45 वेळा लुकलुकला. वेढ्यांचं केलं, करंट 0.9 च आहे.

वाइंडिंगवाले_काका:
45 भागिले 3200 म्हणजे 0.01406 युनिट, पाच मिनिटांत. तासाला त्याच्या 12 पट, 0.169 युनिट. म्हणजे 169 वॅट. खरे वॅट भागिले व्हीए, म्हणजे 169 भागिले 189, हा पॉवर फॅक्टर, 0.89. कंडेन्सर लावलेल्या मोटरीला हा चांगला आहे. पाटीवरच्या 180 हून थोडं कमी, कारण व्होल्टेजच 210.

बिल 169 च्या हिशेबाने येईल, इन्व्हर्टरचा लोड 189 व्हीएच्या हिशेबाने धरा. त्यात पंप आणि घरातले बाकीचे पंखे-दिवे मिळवा, आणि चालू होताना मोटर जास्त ओढते त्यासाठी भरपूर वाव ठेवा. घ्यायचा तर साइन वेव्हचा घ्या, म्हणजे सॉकेटसारखाच सलग लाटेचा एसी देणारा. स्क्वेअर वेव्हवर कूलर घुरघुरतो, मोटर जास्त तापते.

संत्राबर्फी:
काका, दुकान महालात नेमकं कुठे? माझाही कूलर गुणगुणून राहिला.

वाइंडिंगवाले_काका:
आधी बंद करा तो. प्लग काढून पाती हाताने फिरवून पाहा. मोकळी फिरली तर कंडेन्सर गेला असेल, तो स्वस्तात बदलतो. जड फिरली तर घेऊन या, पत्ता मेसेजमध्ये देतो.