सरावात ५६४, स्पर्धेत ५४८: एअर पिस्तूलचे हे १६ गुण जातात कुठे?

कोथरूडचा_सहप्रशिक्षक

नमस्कार मंडळी. क्लबमधली एक मुलगी आहे, वय १६, १० मीटर एअर पिस्तूल, उजवा हात. सरावात ६० गोळ्यांना ५६४ च्या आसपास अगदी सातत्याने येतात. स्पर्धेत मात्र ५५० च्या आत. बालेवाडीच्या ताज्या स्पर्धेतल्या सिरीज (दहा-दहा गोळ्यांचे गट): ८९, ९०, ९४, ९५, ९३, ८७. एकूण ५४८. वाईट गोळ्या बहुतेक खाली-डावीकडे, घड्याळात सात वाजता काटा असतो त्या बाजूला. पिस्तूल, ग्रिप, पेलेट सगळं तेच. तंत्रात दोष असता तर सरावातही दिसला असता.

"रिलॅक्स राहा", "आत्मविश्वास ठेव" हे सगळ्यांचं सांगून झालंय. आई-वडील आता ध्यानाच्या शिबिराला पाठवायचं म्हणतायत. पुढची स्पर्धा सहा आठवड्यांवर आहे. एवढ्या वेळात रेंजवर नेमकं काय करून घ्यावं? पुस्तकी नको, कृपया.

दहा_मीटर

सिरीजनिहाय आकडे दिलेत हे फार बरं केलंत, नाहीतर इथे नुसता "मॅचमध्ये फाटते" एवढाच तपशील मिळतो. बेरीज करून बघा. मधल्या तीन सिरीज मिळून २८२, म्हणजे सरासरी ९४. सरावाइतक्याच. पहिल्या दोन आणि शेवटची मिळून २६६. तुमचे १६ च्या १६ गुण या तीन सिरीजमध्ये गेलेत. मुलगी अर्धी मॅच दडपणाखालीही उत्तम मारते, तेव्हा "मन कमकुवत आहे" हे निदान आधी बाजूला ठेवा. अडचण सुरुवातीची आणि शेवटची आहे, आणि दोन्हींचं कारण बहुधा वेगवेगळं आहे.

खाली-डावीकडे जाणारी गोळी उजव्या हाताच्या नेमबाजाची असेल तर ट्रिगर ओढला गेलाय किंवा त्या क्षणी मूठ आवळली गेलीय. हे का होतं ते समजून घ्या. दडपणात हाताची थरथर वाढते. ती वाढली की मुलं साइट (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणा, पुढे एक आणि मागे एक) स्थिर होण्याची वाट बघत बसतात. आठ सेकंद, दहा, बारा. तोवर खांदा थकतो, नजर फ्रंट साइटवरून टार्गेटवर सरकते, आणि क्षणभर सगळं जुळल्यासारखं दिसलं की "आत्ता!" म्हणून बोट झटका देतं.

गंमत अशी की थरथरीने फारसं बिघडत नाही. सगळा हात समांतर १ मिलिमीटर हलला तर टार्गेटवरही गोळी १ मिलिमीटरच सरकते. पण मागच्या साइटच्या खाचेत फ्रंट साइट १ मिलिमीटर तिरकी गेली, तर दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरून १० मीटरवर ३० मिलिमीटरचा फरक पडतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, नऊच्याचा २७.५. केंद्रापासून ३० मिलिमीटर म्हणजे सरळ सात. हे गणित तिला कागदावर काढून दाखवा. हलत्या हाताने स्वच्छ ट्रिगर दाबला तर नऊ जातो, झटक्याने सात. "हात हलू दे" हे एकदा मनापासून पटलं की निम्मी घाई जाते.

आता काम. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ घ्या, सरावाचाही आणि स्पर्धेसारख्या वातावरणातलाही. पिस्तूल एमिंग एरियात (टार्गेटवर नेम धरायच्या जागी) स्थिरावल्यापासून गोळी सुटेपर्यंतचे सेकंद मोजा. सरावात ५–७ आणि दडपणात १०–१२ दिसले तर दुखणं सापडलं. मग एकच नियम: स्थिरावल्यापासून आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर पिस्तूल खाली. चर्चा नाही. ६० गोळ्यांना ७५ मिनिटं असतात, म्हणजे गोळीमागे सव्वा मिनिट. दहा-बारा वेळा खाली घेतलं तरी वेळ उरतो. सरावात गोळी रद्द करण्याची सवयच नसते, कारण तिथे सातची किंमत शून्य. म्हणून सरावाच्या नोंदीत स्कोअरशेजारी "किती वेळा खाली घेतलं" हा रकाना ठेवा आणि दाद त्या आकड्याला द्या.

गोळीआधीचा क्रम दर वेळी तोच: लेन नंबरकडे (आपल्या टार्गेटच्या क्रमांकाकडे) नजर, ग्रिप, दोन सावकाश श्वास, पिस्तूल टार्गेटच्या वर नेणं, श्वास सोडत खाली एमिंग एरियात आणणं आणि येतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घेणं, नजर फ्रंट साइटवर, सलग दाब, गोळी सुटल्यावर एक-दोन सेकंद तसंच थांबणं, आणि मॉनिटर बघण्याआधी "गोळी कुठे गेली" ते मनात सांगणं. लेन नंबर हसण्यावारी नेऊ नका. अथेन्स २००४ ला ५० मीटर थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये मॅथ्यू एमन्सची शेवटची गोळी शेजारच्या टार्गेटवर गेली. शून्य गुण. सुवर्ण हातातलं होतं, थेट आठवा आला.

मानस_पुणे

वरचं बहुतेक पटलं. दोन गोष्टी जोडते आणि एकीवर थोडं भांडते.

पहिली सिरीज. साइटिंगच्या १५ मिनिटांत मारलेल्या गोळ्या मोजल्या जात नाहीत. "मॅच फायरिंग, स्टार्ट" झालं की तीच गोळी अचानक मोजली जाते. बदल फक्त अर्थाचा आहे, शरीर मात्र तेवढ्यानेच उसळतं. यावर ६० गोळ्यांचा सराव वाढवून उपयोग नाही, कारण त्यात "पहिली गोळी" एकदाच येते. सत्र असं करा: साइटिंग, थांबा, मोठ्याने कमांड, १० मोजलेल्या गोळ्या, संपलं. पिस्तूल खाली, लाइन सोडायची, दहा मिनिटं बाहेर. परत तेच. एका सत्रात चार वेळा. दर वेळी पहिल्या तीन गोळ्यांची वेगळी नोंद.

शेवटची सिरीज हा हिशोबाचा आजार आहे. ५० गोळ्यांनंतर ४६१ दिसले की डोकं लगेच म्हणतं, "९४ मारले तर ५५५." तिथून पुढे ती ट्रिगर दाबत नाही, स्कोअर दाबते. उलटही होतं: सवयीने आपोआप होणारी क्रिया "नीट करू या" म्हणून जाणीवपूर्वक तपासायला घेतली की तिचा ओघ तुटतो. रिचर्ड मास्टर्स यांनी १९९२ पासून यावर काम केलंय. म्हणून शेवटच्या दहा गोळ्यांआधी "मनगट बघ, कोपर बघ" असले इशारे गॅलरीतून करू नका. तिला एकच शब्द द्या, आणि तो "काय करायचं" सांगणारा हवा. "फ्रंट" चालेल, "सलग" चालेल. "झटका नको" चालणार नाही, कारण त्यात डोक्यात झटकाच उरतो.

भांडण रद्द करण्याच्या आकड्याला दाद देण्यावर. पंधरा दिवस ठीक. नंतर काही मुलं दाद मिळते म्हणून चांगला होल्डही (नेम धरून थांबणं) खाली घेतात, आणि मग पिस्तूल वर नेणं म्हणजेच शंका, असं होऊन बसतं. रद्द केलेल्या होल्डचं कारण एका शब्दात लिहायला लावा: नजर, खांदा, विचार. कारण सुचलं नाही तर तो होल्ड चांगला होता.

ध्यानशिबिराला विरोध नाही. नाशिकच्या भीष्मराज बाम सरांनी योगाच्या पायावर नेमबाजांबरोबर केलेलं काम महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. पण सहा आठवड्यांत शांत बसायला शिकलेली मुलगी हातात पिस्तूल असताना शांत राहीलच असं नाही. श्वास शिकवायचाच तर रोज पाच मिनिटं, चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा श्वास होतात. पहिले दोन आठवडे बसून, मग उभं राहून, मग पिस्तूल हातात घेऊन. स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा करायला गेलात तर बहुतेक मुलं जोरजोरात खोल श्वास घेतात, बोटांना मुंग्या येतात आणि घबराट वाढते.

कोथरूडचा_सहप्रशिक्षक

दोघांचे आभार. २६६ आणि २८२ चं लक्षातच आलं नव्हतं. जुन्या व्हिडिओत बघितलं, पहिल्या सिरीजमध्ये काही होल्ड १३ सेकंदांपर्यंत गेलेत.

दोन प्रश्न. एक, तिच्या काकांनी "हृदयाची धडधड कमी करणारी एक साधी गोळी मिळते, परीक्षेला पण घेतात" असं सुचवलंय. दोन, व्हिज्युअलायझेशन रात्री झोपताना करते, पाच मिनिटांत झोप लागते. फायदा काही दिसत नाही.

दहा_मीटर

काकांना आजच फोन करा. ती गोळी म्हणजे बहुधा प्रोप्रानोलोल, बीटा ब्लॉकर. नेमबाजीत बीटा ब्लॉकर स्पर्धेतही बंद आणि स्पर्धेबाहेरही बंद, वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत स्पष्ट आहे. बीजिंग २००८ ला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं याच औषधापायी गेली, १० मीटर एअर पिस्तूलचं कांस्य आणि ५० मीटर पिस्तूलचं रौप्य. शिवाय दमा असलेल्याला ते धोक्याचं. डॉक्टरांनी दुसऱ्या आजारासाठी दिलं असेल तर ते प्रकरण वेगळं, त्याची परवानगी आधी कागदोपत्री घ्यावी लागते.

मानस_पुणे

व्हिज्युअलायझेशन झोपताना केलं तर झोपच येणार, ते औषधासारखं काम करतंय. होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धत उलट सांगते: कल्पना जितकी खऱ्या क्रियेच्या जवळ, तितकी उपयोगी. उभं राहायचं, नेमबाजीचे बूट घालायचे, रिकामं पिस्तूल किंवा नुसती ग्रिप हातात, तोंड मोकळ्या भिंतीकडे. डोळे उघडे चालतील. एक गोळी खऱ्या वेळेत, म्हणजे चाळीस-पन्नास सेकंद. पाच गोळ्या पुरे, रोज. मॉनिटरवर १० दिसतोय अशी कल्पना करायची नाही. बोटावरचा दाब, ग्रिपचा खरखरीत स्पर्श, शेजारच्या लेनमधल्या पेलेटचा आवाज. पाचातली एक गोळी मुद्दाम सात मारायची आणि त्यानंतरचा पूर्ण क्रम करायचा: पिस्तूल टेबलावर, पाण्याचा घोट, लेन नंबर, ग्रिप. सातनंतर काय करायचं याची तालीम कुणी करतच नाही, म्हणून सातला सात लागून येतो.

बाणेर_पालक

पालकांच्या बाजूने थोडं. गॅलरीत मागे उभं राहून प्रत्येक गोळीला मान हलवणारे आई-बाबा मुलांना दिसतात. पाठ असली तरी दिसतात, कारण दोन गोळ्यांच्या मध्ये मुलं वळतातच. कुठे बसायचं ते मुलीला ठरवू द्या आणि ७५ मिनिटं तिथून हलू नका. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न "किती?" नको. स्कोअर तसाही स्क्रीनवर असतो.

आणि वेळ. कात्रज किंवा हडपसरहून बालेवाडीला सकाळी निघालात तर विद्यापीठ चौक आणि बाणेर रस्ता मिळून किती वेळ खातील याचा नेम नाही. इक्विपमेंट कंट्रोलच्या (मॅचआधीच्या साहित्य तपासणीच्या) रांगेत धापा टाकत पोचलेल्या मुलीला कुठलंही तंत्र शिकवून उपयोग नाही. रिपोर्टिंगच्या तासभर आधी आवारात. खाणं दोन तास आधी, रोजचंच. मॅचला म्हणून खास काही नको, चहाही रोज एक कप असेल तर एकच. कॅफिनवर बंदी नाही, पण जादा कपाने हात थरथरतो तो थरथरतोच.

दहा_मीटर

सराव "मॅचसारखा" करायचा तर परिणाम जोडा. आठवड्यातून एकदा क्लबमधली सगळी मुलं मागे बसवा, ५० सेकंदांच्या कमांडवर एकेक गोळी, फायनलसारखी, प्रत्येक गोळी मोठ्याने वाचायची, शेवटचा येईल त्याने रेंज झाडायची. दडपण सौम्यच असतं, तरी पुरतं. जिने चढवून धडधड वाढवण्याचा प्रकारही चालतो, फक्त दमल्याची धडधड आणि भीतीची धडधड एकच नव्हे. पहिलीत विचार भरकटत नाहीत. महिन्यातून दोनदा ठीक, त्यावर भिस्त नको.

प्रत्येक सत्राआधी ताण १ ते १० मध्ये लिहायला लावा, नंतर स्कोअर. आठ-दहा नोंदी झाल्या की तिचा पट्टा दिसेल. काहींचा चांगला खेळ ३ वर येतो, काहींचा ६ वर. कार्यशाळांत तो उलट्या यूचा आलेख दाखवतात ना, ताण वाढला की खेळ आधी सुधारतो आणि मग घसरतो असा, यर्क्स आणि डॉडसनचा, १९०८ चा, तो प्रयोग उंदरांवरचा होता. तुमच्या मुलीचा पट्टा तिच्या वहीतच सापडेल. ती ६ वर छान मारत असेल तर तिला ३ वर आणायला जाऊ नका.

मानस_पुणे

एक मर्यादा सांगून ठेवते. स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप न लागणं सामान्य आहे. पण आठवडाभर आधीपासून उलट्या, जेवण तुटणं, शाळा-कॉलेजातही अचानक छाती भरून येणं, असं असेल तर हे प्रशिक्षकाचं काम राहिलं नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ बघा. नुसता खेळासाठी सायकॉलॉजिस्ट शोधत असाल तर आधी पदवी विचारा, मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी आहे का ते बघा, आणि मुलीने सांगितलेलं पालकांना कितपत कळणार हे पहिल्याच भेटीत तिच्यासमोर ठरवून घ्या. पहिल्या भेटीत पदकाची हमी देणाऱ्याकडे दुसरी भेट नको.

कोथरूडचा_सहप्रशिक्षक

सोमवारपासून चार वेळा १० गोळ्यांचं सत्र सुरू करतो, आठ सेकंदांच्या नियमासकट. पूर्ण ६० गोळ्या मग मारायच्याच नाहीत का?

दहा_मीटर

आठवड्यातून एकदा मारा, पूर्ण वेळ लावून. त्या दिवशी मॉनिटरवर एकूण बेरीज दिसते तिथे कागद चिकटवा, फक्त सरावात. शेवटच्या दोन आठवड्यांत कागद काढा, कारण स्पर्धेत आकडा दिसणारच आहे आणि तो दिसत असताना "फ्रंट" म्हणायची सवय लागायला हवी. स्पर्धेच्या तीन दिवस आधी ग्रिप, ट्रिगरचं वजन, बूट, काहीही बदलू देऊ नका. ट्रिगर ५०० ग्रॅमच्या (नियमातल्या किमान वजनाच्या) अगदी काठावर ठेवला असेल तर आत्ताच थोडा वर घ्या, इक्विपमेंट कंट्रोलला ट्रिगरने चाचणीचं वजन उचललं नाही तर सगळी सकाळ तिथेच जाते.