बीपीच्या मशीनवर हृदयाचं चिन्ह लुकलुकतं? तुमचे अनुभव लिहा

आईचं (वय ७२) बीपी घरीच मोजतो. हल्ली पाठोपाठ मोजलं तरी आकडे जुळत नाहीत. १५२/८८, मग १३१/७९, परत १४४/९२. शिवाय हृदयाचं चिन्ह (ठोके अनियमित असल्याची खूण) लुकलुकतं. तिला त्रास काही नाही. म्हणते, मशीनच बिघडलंय. कुणाकडे असं झालंय? कुठला आकडा धरलात?

▪ बाबांचं डिट्टो हेच. सेल बदलले, मशीन बदललं, आकडे तसेच नाचरे. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. यात ठोक्यांमधलं अंतर सतत बदलतं, हृदय कधी कमी भरतं कधी जास्त, त्यामुळे दर ठोक्याचा दाब वेगळा. तीनदा मोजून सरासरी लिहायला सांगितलंय. पण खरी भीती बीपीची नव्हतीच. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी मेंदूत गेली की लकवा! म्हणून वॉरफेरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) २ ते ३ मध्ये ठेवायचा. पालेभाजीने गोळीचा असर कमी-जास्त होतो, तरी ती बंद नाही, फक्त आज जुडीभर मेथी आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं चालत नाही.

▪ लगेच घाबरवू नका हो! मलाही ते चिन्ह यायचं. २४ तासांचं होल्टर (ठोके नोंदवणारं अंगावरचं यंत्र) लावलं, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. अधूनमधून जादा ठोके पडतात, एवढंच. गोळीसुद्धा नाही. अर्थात हे तपासण्यांनंतर कळलं, चिन्हावरून नव्हे.

▪ मी नर्स आहे. आधी मोजायची पद्धत बघा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवा, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा फुगतो. मोजताना बोलायचं नाही (सूनबाईंविषयी तर अजिबात नाही). घरी सरासरी १३५/८५ किंवा वर राहिली तर जास्तच समजतात. नाडी पूर्ण मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर अनियमित नाडीत फसगत होते.

▪ सासूबाईंच्या मशीनने काहीच दाखवलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी मनगट धरूनच अनियमित नाडी ओळखली. मूळ कारण निघालं वाढलेलं थायरॉईड.

▪ धागाकर्ता: आभार. ईसीजीला आई तयार झालीय. चिन्ह नेमकं तिथे आलं नाही तर?

▪ एका ईसीजीत सापडेलच असं नाही, येऊन-जाऊन असतं. आकड्यांची वही आणि मशीन, दोन्ही घेऊन जा. मशीन तिथल्या मापाशी ताडून बघता येतं.